सही म्हणजे फक्त हजेरी

लोकांच्या सभा कितपत लोकांच्या आहेत, हे मोजायचे निकष ठरवण्यासाठी मला सल्लागार म्हणून नेमलं होतं. भोरात हे सांगताना माझी मान जरा वरच असायची. आता कुणी विषय काढला तर ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघवत नाही.

भोरच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवलं. निवृत्त झालो आणि घरात बसून पेपरवर चिडायला लागलो. सभागृहात गोंधळ, कामकाज बंद, चर्चेविना विधेयकं, अरे काय चाललंय काय! बायकोनं दोन वर्षं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भिंतीला शिकवण्यापेक्षा कुठंतरी माणसांना शिकवा." तेवढ्यात पुण्यातल्या एका संस्थेची जाहिरात दिसली. संसदेपासून विधानसभेपर्यंत आणि पार खाली ग्रामसभेपर्यंत, प्रत्येक सभेला गुण देता येतील असे निकष तयार करणारा माणूस त्यांना हवा होता. मला वाटलं, हे माझ्यासाठीच छापलंय.

मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक तरुण मुलगी बसली होती, मांडीवर लॅपटॉप. तिनं विचारलं, "सर, तुम्ही गावाकडचे ना? ग्रामसभेच्या सह्या म्हणे घरोघर वही फिरवून घेतात. खरं आहे का?"

"छे हो," मी म्हणालो, "ऐकीव गोष्टी. कायदा आहे त्याला."

हे लिहितानाही कान तापतात. कारण त्या वहीत माझ्याच कितीतरी सह्या होत्या. राहायला भोरला असलो तरी मतदार यादीत माझं नाव गावातच ठेवलेलं. गाव आमचं वेल्ह्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. जत्रेला किंवा भाताची पोती आणायला गेलो की पंचायतीचा शिपाई वही काखेत मारून यायचा. "मास्तर, मारा एक सही." मी चुलतभावाच्या ओटीवर खुर्चीत बसून, चहाचा कप डाव्या हातात धरून सही मारायचो. कशाची सभा, कधी झाली, विचारलंसुद्धा नाही कधी. आमच्याकडे ही रीतच. चार पावलं चालून सभेला जायला लावणं म्हणजे माणसाला त्रास देणं, आणि वही घरी आणणं म्हणजे मान देणं.

आत गेल्यावर मुलाखत घेणाऱ्या तिघांनी विचारलं, संसदीय कामाचा अनुभव काय? मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "आमच्या गावची ग्रामसभा ही सगळ्यात लहान संसद. मी तिथला जुना सभासद आहे." तिघांनीही माना डोलावल्या. मला नेमलं. ती मुलगी जिना उतरताना माझं अभिनंदन करून गेली.

मी तक्ता केला. एकेक निकष आणि प्रत्येकाला पाच गुण. लोक येतात का, बायका येतात का, विषय आधी कळतात का, विरोध करता येतो का, निर्णय कसा होतो. पहिलाच निकष हजेरीचा, आणि हजेरी कशावरून धरायची? वहीतल्या सह्यांवरून. आहे की नाही उंटावरचा शहाणा! पण तेव्हा तो तक्ता मला इतका आवडला होता की बायकोला दोनदा वाचून दाखवला.

तक्ता आधी एका ग्रामसभेवर तपासून बघायचा होता. मी माझंच गाव निवडलं. गांधी जयंतीची सभा धरायची आणि त्याच आठवड्यात पुण्यात सादर करायचं, असं ठरलं.

त्या दिवशी सकाळी भोरहून नसरापूरला, तिथून वेल्ह्याच्या एसटीनं फाट्यावर आणि पुढं टेम्पोत बसून मी गावात पोचलो. सभा देवळात अकराची. साडेअकरा झाले तरी सरपंच, ग्रामसेवक, शिपाई, पाच-सात म्हातारे आणि मी. ग्रामसेवक म्हणाला, "कोरम नाही सर. वही फिरतीय." मी मान हलवली. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

बाराच्या सुमारास शिपाई घाम पुसत परत आला. "वरल्या आळीतल्या बाया सही देईनात. तुमची वहिनी म्हनती, मी न्हाई करनार. मग बाकीच्याबी न्हाई म्हनत्यात."

वहिनी म्हणजे माझ्या त्याच चुलतभावाची बायको. भाऊ गेल्याला काही वर्षं झाली. म्हशी, थोडं भात, थोडी नाचणी यांवर ती एकटी उभी होती. लग्न होऊन आली तेव्हापासून आमची थट्टा चालायची. मी नोकरीला लागल्यावर मला बघून तीच म्हणाली होती, "भावजी, शिकून शहाणं झालासा, आता बायको येडी बघा."

सरपंच म्हणाले, "सभा तहकूब करावी लागंल मास्तर. पुन्यांदा दवंडी, पुन्यांदा तारीख."

तहकूब! माझं सादरीकरण चार दिवसांवर. मी ताडकन उठलो. "थांबा. वही द्या इकडं. मी जातो."

सरपंचांनी वही माझ्या हातात दिली. किती पटकन दिली, ते मला नंतर आठवलं.

वरली आळी चढावर आहे. मी धापा टाकत गेलो. वहिनी अंगणात घेवडा निवडत बसली होती. तिनं आधी उठून पाणी दिलं, तांब्याभर. दारी आलेल्याला आधी पाणी, मग बोलणं. झऱ्याचं पाणी ते. वरल्या आळीच्या मागं गायरानात झरा आहे. होता. नळ आळीत आलेत, पण चैत्र-वैशाखात त्यांतून फुसफुस हवा येते. तेव्हा सगळी आळी त्या झऱ्यावर जगायची, माणसं आणि जनावरंही.

माझ्या हातातली वही बघून ती हसली. "सभा खाली आन् वही वर? मग सभाच आना की वर."

"वहिनी, सही का देत नाही?"

"भावजी, झऱ्यापाशी लाल रंगाच्या खुट्ट्या ठोकल्यात. पल्याड रिसॉर्ट व्हतंय, त्याला गायरानातनं रस्ता पायजे म्हनं. म्या इचारलं, आजच्या सभेत हाय का हे? शिपाई म्हनतो, ऐनवेळचे विषय. म्हंजी काय? ज्याला तोंड न्हाई त्यो विषय. सभा ठेवत्यात अकराला, आमी गवतात. गेलो तर म्हनत्यात, पुढच्या सभेत बोला. मग आमच्या हातात काय ऱ्हातं? येवढी एक सही. ती दिली न्हाई तर सभा व्हत न्हाई. गवत झालं की आमी समद्या येऊ खाली, तवा घ्या की सभा."

इतकी साधी गोष्ट. माझ्या तक्त्यात विरोध मोजायचा एक निकष होता. तो विरोध माझ्यासमोर घेवडा निवडत बसला होता, आणि मला फक्त घड्याळ दिसत होतं.

मी वर्गात बोलायचो तसा बोललो. "वहिनी, सही म्हणजे फक्त हजेरी. मंजुरी वेगळी. हजेरीच्या सहीनं ठराव मंजूर होत नसतो. मी आयुष्यभर हेच शिकवलंय."

"खरं?"

"माझ्यावर विश्वास नाही का?"

हे वाक्य! नात्यातल्या माणसाला हे विचारलं की त्याला नाही म्हणताच येत नाही. मला ते ठाऊक होतं म्हणूनच मी विचारलं. बाकी सगळं अज्ञान म्हणून सोडून देता येईल. हे नाही.

तिनं हात पदराला पुसले. मी खिशातलं पेन काढून, टोपण उघडून दिलं. तिनं जपून, एकेक अक्षर बसवत सही केली. पेन परत देताना म्हणाली, "तुमच्या शब्दावर हां, भावजी." मग बाजूच्या घरातल्या आल्या, त्यांच्या पलीकडच्या आल्या. कुणी सही केली, कुणी अंगठा. मी ओळ दाखवत होतो. हितं, आता हितं. सराईतासारखा.

खाली सभा वीस मिनिटांत उरकली. गांधीजींच्या फोटोला हार, मागचं इतिवृत्त, गटार, दिवाबत्ती. शेवटी सरपंच म्हणाले, "ऐनवेळचे विषय... ते ग्रामसेवक लिहितील." ग्रामसेवकानं ठरावाच्या वहीत अर्धं पान कोरं सोडलं आणि वही मिटली. ते कोरं पान मी पाहिलं. मी न बघितल्यासारखं केलं, असंही नाही. चांगलं पाहिलं आणि तक्ता भरायला लागलो. हजेरी, पाचपैकी पाच. बायकांची हजेरी, पाच. विरोध, कुणी केला नाही. निर्णय, सर्वानुमते. मग सरपंचांकडे इंद्रायणीचा गरम भात आणि कोंबडीचा रस्सा जेवलो. त्यांनी गाडीनं नसरापूरपर्यंत सोडलं.

पुण्यात टाळ्या पडल्या. एवढ्या आतल्या डोंगरी गावात बायका इतक्या जागरूक! आदर्श म्हणून माझं गाव अहवालात छापलं, देवळाच्या फोटोसकट. पुढच्या टप्प्यात राज्यांच्या विधानसभांना हेच निकष लावायचे होते आणि त्याचा करारही मलाच मिळणार होता. बायकोनं पेढे आणले.

फाल्गुन संपता संपता वहिनीचा फोन आला.

"भावजी, झऱ्याकडं मुरूम पडाय लागलाय. जेसीबी आलाय. आमी वेल्ह्याला पंचायत समितीत अर्ज घेऊन गेलो तर सायबानं वही दावली. त्यात लिवलंय, रस्त्याला गावाची ना-हरकत, सर्वानुमते. आन् त्याला हजेरीचं पान जोडलंय, त्यात माजी सही. तुमी म्हनला व्हता फकस्त हजेरी."

मी उठून खोलीचं दार लोटून घेतलं.

"आन् त्या ठरावाला तुमचा अहवाल लावलाय त्यांनी. फोटूवाला. सभा लई चांगली झाली म्हून लिवलंय की तुमी."

"वहिनी, मी..."

"असू द्या. आता एक करा. सायब म्हनला, वही घरी नेऊन सह्या घेतल्या आसं कुनी शिकल्यालं मानूस लिहून दील तर काम थांबवता यील. तुमी द्या लिहून. अजून झऱ्यावर यायला आठवडा-दोन आठवडं लागत्याल त्यास्नी."

"बघतो," मी म्हणालो.

आमच्याकडे 'बघतो' म्हटलं की समोरच्यानं समजून घ्यायचं असतं. पण तिनं शब्दशः घेतलं. मी बघतोय असंच ती समजली.

मी काय बघत होतो? नव्या कराराची तारीख. महिनाअखेरीला सह्या व्हायच्या होत्या. आणि माझीच चाचणी खोटी होती असं माझ्याच अक्षरात लिहून दिलं, तर करार कसला आणि विधानसभा कसल्या? रोज सकाळी कागद घ्यायचो, तारीख घालायचो आणि उठायचो. वहिनीचे आणखी दोन फोन आले. एक घेतला, प्रवासात आहे म्हणून सांगितलं. मी घरात खाटेवर होतो. दुसरा घेतलाच नाही. बायको नुसती बघत राहिली. करार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पत्र टाइप करून घेतलं आणि वेल्ह्याची गाडी धरली.

पंचायत समितीच्या व्हरांड्यात वरल्या आळीतल्या आठ-नऊ बाया बसल्या होत्या. सकाळी फोन करून मीच त्यांना बोलावलं होतं. मला बघून एक जण म्हणाली, "आलं गं बाई वरातीमागून घोडं!" कुणी हसलं नाही.

वहिनीनं पत्र हातात घेतलं आणि परत माझ्याकडे दिलं. "वाचून दावा. आता वाचल्याबिगर काय बी न्हाई."

मी वाचलं. सदर ग्रामसभेच्या दिवशी काही सह्या सभास्थानी न होता घरोघर जाऊन घेण्यात आल्या असाव्यात, असं माझ्या निदर्शनास आलं आहे. खाली माझी सही, पदवी, निवृत्त प्राध्यापक.

"कुनी घेतल्या?" वहिनीनं विचारलं.

मी पत्राची घडी घालायला लागलो.

"त्यात न्हाई लिवलं कुनी घेतल्या ते. शिपायानं घेतल्या आसं वाटंल त्यास्नी. त्यो बिचारा तर हात हलवत गेला व्हता माघारी."

"पुन्हा टाइप करायला लागेल," मी पुटपुटलो.

"हातानं लिवा की. पेन हाय न्हवं खिशात? त्या दिशी व्हतं."

त्या सगळ्या माझ्या खिशाकडे बघत होत्या. मी पेन काढलं. व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवून पत्राच्या खाली लिहिलं की वरल्या आळीतल्या सह्या मी स्वतः वही घेऊन घरी जाऊन घेतल्या, आणि सहीनं ठराव मंजूर होत नाही असं मी त्यांना सांगितलं होतं. सही माझी मलाच ओळखू आली नाही.

आतल्या साहेबांनी पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग सभ्यपणे म्हणाले, "सर, हे आधी आलं असतं तर मी काम थांबवलं असतं. रस्ता मागच्याच आठवड्यात झाला. आता वर पाठवतो, बघू." त्यांचं ते 'बघू' ऐकलं आणि माझं 'बघतो' मला आठवलं. बायांना काही सांगावं लागलं नाही. माझं तोंड बघूनच त्या उठल्या. वहिनी म्हणाली, "चला गं, गाडी चुकंल."

पुण्याला संस्थेत जाऊन मी सगळं सांगून टाकलं. हाकलून देतील अशी तयारी करून गेलो होतो, आणि खरं सांगतो, हाकललं असतं तर बरं वाटलं असतं. पण संस्थेच्या प्रमुख बाई खूश झाल्या! म्हणाल्या, असा प्रामाणिक अनुभव कुणी आणत नाही, आपण एक नवा निकष घालू, सही कुठे घेतली याचा. जी गोष्ट त्या मुलीनं बाकावर बसून विचारली होती, ती माझ्या नावावर जमा झाली. करार कायम राहिला. मी तो परत करायला हवा होता. केला नाही. हेही लिहून ठेवतो.

वैशाखात गावी गेलो. जायला तोंड नव्हतं, पण चुलत्याचं वर्षश्राद्ध होतं, टाळता आलं नाही. वरल्या आळीमागं रुंद, तांबडा रस्ता झालाय. झरा कुठं होता ते मला सांगता आलं नसतं. मुरमावर एका जागी नुसती ओल दिसत होती, तिथं चिमण्या बसल्या होत्या. आळीतल्या बाया आता खालच्या विहिरीवरून हंडे आणतात, चढाला. वहिनी नुकतीच डोक्यावरचा हंडा उतरवत होती. तिच्या म्हशी विकल्याचं मला शिपायाकडून कळलं होतं.

मी अंगणात उभा राहिलो. काय बोलायचं ते वाटेत दहादा ठरवलं होतं.

तिनं माझ्याकडे बघितलं, आत गेली, तांब्या घेऊन आली. हंड्यातून भरला आणि पुढं केला.

"नको वहिनी," मी म्हणालो. "तहान नाही."

तोंडाला कोरड पडली होती. तिला ती दिसत होती.

"घ्या की, भावजी," ती म्हणाली. "सही न्हाई मागत कुनी."

मी तांब्या घेतला. ती समोर उभी होती, पदरानं मान पुसत. मी पाणी संपवलं आणि तांब्या तिच्या हातात दिला.